विशेष साधनांशिवाय

मराठीत कवितेला समीक्षक आहेत, नाटकाला आहेत, कादंबरीला तर लेखकांपेक्षा समीक्षकच जास्त आहेत. पण ज्या वाङ्मयाचा आपल्या पोटाशी थेट संबंध येतो, त्या पाककृतीकडे एकही नामवंत समीक्षक वळलेला माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक इतका खपणारा, कात्रणं काढून जपला जाणारा आणि तरीही कुणीच एका बैठकीत पुरा न वाचणारा दुसरा वाङ्मयप्रकार नसेल. पाककृतीचा वाचक मधेच उठून गॅस पेटवतो. कादंबरी वाचता वाचता वाचक गॅस पेटवायला उठला, तर त्याचा हेतू निराळा असण्याची शक्यता असते.

मी साहित्याचा विद्यार्थी नव्हे. बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकुनी करतो. पण वीस-बावीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासून एक सवय अंगात मुरली आहे. कागदावर काय लिहिलंय ते नंतर वाचायचं, काय लिहिलेलं नाही ते आधी शोधायचं. समीक्षक तरी याहून वेगळं काय करतात? फक्त त्यांना दिवसअखेर टोटल जुळवावी लागत नाही.

तर आज परीक्षणासाठी घेतलेली कृती आहे 'ग्रीन टी आइस्क्रीम, घरच्या घरी, विशेष साधनांशिवाय'. ती आमच्या घरात आली त्याला कारण माझा भाचा. तो तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. हा भाग एदोगावा प्रभागात येतो. तिथे आपल्याकडच्या लोकांची इतकी वस्ती आहे की २०१९ साली त्या प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक नावाचे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. त्यामुळे भाचा परदेशात आहे असं आम्ही मानत नाही, फक्त भाडं जास्त पडतं असं मानतो. तर या भाच्याने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एक डबी पाठवली. आकाराने कुंकवाच्या करंड्याहून जरा मोठी, आत तीस ग्रॅम हिरवी पूड, बाहेर सगळं जपानीत. सोबत भाचेसुनेची चिठ्ठी : "मामी, हा माचा आहे. याचं आइस्क्रीम करा. कृती मागे लिहिली आहे. अगदी सोपी आहे, मशीनबिशीन काही लागत नाही."

इथे मी सावध झालो. कर्जाच्या अर्जावर 'इतर कोणतेही देणे नाही' असं ठळक अक्षरात लिहिलेलं दिसलं की मी असाच सावध होतो.

ताडून पाहण्यासाठी आणखी दोन संहिता घेतल्या. एक, सौ.ने पुस्तक-प्रदर्शनात तीस टक्के सवलतीत घेतलेलं गोडाधोडाच्या पदार्थांचं जाडजूड पुस्तक. त्यात ग्रीन टी आइस्क्रीम एकशे बाराव्या पानावर होतं. दुसरी, माझ्या आईची वही. तिच्यात ग्रीन टी अर्थातच नाही, पण 'आइस्क्रीम (घरचे)' अशी मे १९७९ची नोंद आहे. वहीला कव्हर म्हणून त्याच साली फुकट मिळालेलं एका बँकेचं कॅलेंडर घातलेलं आहे. ती बँक आता दुसरीत विलीन झाली. वही अजून स्वतंत्र आहे.

आधी पुस्तक. शीर्षकाखालीच 'विशेष साधनांशिवाय' असं म्हटलंय आणि चौथ्या ओळीत 'इलेक्ट्रिक बीटरने क्रीमला मऊ शिखरे येईपर्यंत फेटावे' असा आदेश आहे. इलेक्ट्रिक बीटर हे विशेष साधन नसेल तर विशेष साधन म्हणजे काय, क्रेन? आणि 'मऊ शिखरे' हा काय प्रकार आहे? शिखर मऊ असतं असं हिमालयाचे फोटो पाहून मला कधी वाटलं नव्हतं. कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उचलून देवनागरीत बसवलं की असं होतं. आमच्या घरी याला 'सायीची धार मोडेनाशी झाली' म्हणतात आणि ते पाचवीतल्या पोरालाही कळतं. लेखिकेने हा पदार्थ केला असेल, पण तो मराठीत केलेला नाही, असं माझं नम्र मत आहे.

याच पुस्तकात खाली बारीक टाइपात एक टीप आहे : 'माचा न मिळाल्यास ग्रीन टीच्या दोन पिशव्या वापराव्यात.' ही टीप म्हणजे 'घोडा न मिळाल्यास घोड्याचा फोटो वापरावा' अशातली आहे. माचात आख्खं पान दळलेलं असतं आणि ते पोटात जातं. पिशवीतल्या चहाचं नुसतं पाणी उतरतं आणि पान फेकून दिलं जातं. आणि पाणी तर आइस्क्रीमचं वैरी. पिशव्या कोमट दुधात मुरवल्या तर थोडा स्वाद येतो, नाही असं नाही. पण रंग येतो तो मळकट साबुदाण्याचा. मग लेखिका म्हणतात, 'आवडत असल्यास खाण्याचा हिरवा रंग दोन थेंब.' म्हणजे माचा नाही, हिरवेपणाही उसना, राहिलं ते शीर्षक. बँकेत अशा खात्याला आम्ही वेगळ्या नावाने ओळखतो, पण ते इथे छापता येणार नाही.

मुलगी नववीत आहे. तिच्या शास्त्राच्या प्रयोगात शिकवलेली एक तिसरीच रीत तिने मधे आणली. छोट्या पिशवीत मिश्रण, ती मोठ्या पिशवीत, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि दहा-पंधरा मिनिटं गदागदा हलवायचं. ही रीत खरंच चालते. बर्फात मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली उतरून वितळू लागतो. प्रमाण जमलं तर खारट पाण्याचं तापमान शून्याखाली वीस अंशांच्या आसपास जाऊ शकतं. वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या वस्तूतून, म्हणजे आपल्या दुधातून, ओढून घेतो. दर ग्रॅमला ८० कॅलरी, सक्तवसुली. साधनं खरोखरच दोन पिशव्या आणि एक पंचा, कारण पंच्याशिवाय हात बधिर होतात. उत्पन्न मात्र दीड वाटी. माणसं चार. शिवाय पिशवीला कुठे सुईएवढं भोक असलं की बालपण आठवतं.

बालपण म्हणजे आइस्क्रीमचा पॉट. हल्लीच्या वाचकांसाठी सांगतो : लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा डबा, डब्यावर हँडल. मे महिन्यात हा पॉट एका दिवसाच्या भाड्याने मिळायचा. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवरून यायची आणि धोपटण्याने फोडली जायची. मग घरातली सगळी पुरुषमंडळी पाळीपाळीने हँडल मारत. सुरुवातीला पोरं, ते जड झालं की काका, आणि अगदी हलेनासं झालं की आजोबा येऊन म्हणत, "झालंय रे, आता उघडा." पहिल्या घासाला थोडी खारट चव असायची. ती आम्हांला आइस्क्रीमची मूळ चव वाटे.

हा हँडलचा पॉट म्हणजे आपली काही पुरातन विद्या नव्हे. हाताने फिरवायच्या पॉटचं अमेरिकन पेटंट १८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी घेतलं. त्याआधी डबा बर्फात ठेवून दर थोड्या वेळाने उघडायचा, कडेला धरलेला थर खरवडायचा, ढवळायचा आणि परत बंद करायचा, असा प्रकार होता. बाईंना यंत्र का सुचलं ते पेटंटच्या कागदात लिहिलेलं नसतं. पण मला ते कळलं, आणि कळलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते.

कारण भाचेसुनेची कृती नेमकी १८४३च्या आधीची होती. तीनशे मिलिलिटर दूध, दोनशे मिलिलिटर क्रीम, शंभर ग्रॅम साखर, चमचाभर कॉर्नफ्लॉवर, माचा चार चहाचे चमचे. दूध, साखर, कॉर्नफ्लॉवर आटवून गार करायचं. माचा चहाच्या गाळणीतून चाळून थोड्या कोमट दुधात गुठळी मोडेपर्यंत घोटायचा. दूध उकळतं नको, नाहीतर हिरवा रंग मेंदीसारखा काळपट होतो. मग सगळं एकत्र करून पसरट स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये. इथवर भाषा कशी स्वच्छ, सरळ. पुस्तकातल्या मऊ शिखरांपेक्षा कितीतरी सरस. आणि मग, अगदी शेवटी, सहज बोलता बोलता म्हणावं तसं वाक्य : 'दर पाऊण तासाने काढून काट्याने ढवळावे, असे चार-पाच वेळा.'

संपूर्ण वाङ्मयात इतकी मोठी मागणी इतक्या छोट्या वाक्यात कुणी केली नसेल.

आमचं स्वयंपाकघर रात्री नऊला मोकळं झालं. नऊला डबा आत गेला. पावणेदहा, साडेदहा, सव्वाअकरा, बारा आणि पावणेएक, असे ढवळण्याचे पाच मुहूर्त निघाले. सौ.ला सकाळी साडेसहाची शाळा, म्हणजे शिकवायची. मुलीची परीक्षा. आईचा उजवा खांदा गेलं वर्षभर धरलेला आहे. डॉक्टर त्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. या घरात फक्त माझाच खांदा गोठलेला नाही, असं आईने म्हटलं आणि प्रश्न सुटला. म्हणजे आमच्या घरात विशेष साधन नव्हतं हे खोटं. होतं. ते पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होतं.

ढवळायचं का, ते समजून घेतलं तर राग जरा कमी होतो. दुधातलं पाणी सावकाश गोठायला लागलं की बर्फाचे कण मोठे होत जातात, लहान कणांना गिळून अजून मोठे होतात. थेट मोठ्या बँकांसारखेच. ते कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या वर गेले की जिभेला चरचरीत लागायला सुरुवात होते. पॉटमध्ये खारट बर्फाचा गारवा डब्याच्या पत्र्याला सगळीकडून चिकटलेला असतो, आणि आतली फळी थर धरला रे धरला की खरवडते, म्हणून कण बारीक राहतात आणि हवाही कोंडली जाते. घरच्या फ्रीजरमध्ये अठरा अंश उणे असतात खरे, पण गारवा पोचवायला हवा, आणि हवा हा अत्यंत आळशी शिपाई. पॉटमधलं वीस-पंचवीस मिनिटांचं काम तो चार-सहा तास लावतो. या दिरंगाईत कण वाढू नयेत म्हणून माणसाने मधेमधे उठून ते फोडायचे.

साखरेचंही तसंच. सौ. म्हणाली, आईंच्या शुगरसाठी साखर निम्मी करू या. मी पुस्तकात बघितलं, भाचेसुनेलाही विचारलं. उत्तर एकच आलं : साखर नुसती गोडीसाठी नसते, ती काही पाण्याला गोठू देत नाही. निम्मी केली तर आइस्क्रीम न होता वीट होईल. शेवटी साखर तेवढीच राहिली आणि आईचा वाटा निम्मा झाला. हिशेब दोन्ही बाजूंनी बसला, आई सोडून.

बारा ते पावणेएक हा वेळ वाईट. झोपावं तर गजर होणार, जागावं तर करायचं काय? मी त्या डबीच्या मागे लागलो. भाचेसुनेला व्हॉट्सॲपवर विचारावं, तर तिच्याकडे पहाटेचे साडेतीन. साडेतीन तास पुढे आहेत ते लोक. मग घरात होतं नव्हतं ते वाचून काढलं. आणि जसजसं वाचत गेलो तसतसं 'विशेष साधनांशिवाय' हे शब्द मला सस्पेन्स अकाउंटसारखे दिसू लागले. सस्पेन्स अकाउंट म्हणजे काय ते सांगतो. दिवसअखेर फरक आला, कुठून आला सापडेना, की तो तात्पुरता त्या खात्यात टाकायचा आणि टोटल जुळली म्हणायचं. फरक नाहीसा झालेला नसतो, नजरेआड झालेला असतो.

आता ही तीस ग्रॅमची डबी बघा. क्योतोजवळ उजी म्हणून गाव आहे, तिथला चहा तिकडे फार नावाजतात. माचासाठीच्या मळ्यावर तोडणीच्या आधी तीनेक आठवडे मांडव घालून ऊन अडवतात. पूर्वी बोरू नि गवताचा घालत, आता बहुधा काळी जाळी असते. ऊन कमी पडलं की पान जास्त हिरवं होतं आणि कडूपणा आवरून आत एक वेगळाच गोडसर जाडपणा येतो. मग पानं वाफवायची, न वळता सुकवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या. उरेल ते दगडी जात्यात दळायचं. हे जातं हळू फिरवावं लागतं, घाई केली की पूड तापते आणि रंग-वास दोन्ही जातात. एका जात्यातून तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास पूड पडते. आमच्या आइस्क्रीमला चार चमचे, म्हणजे आठेक ग्रॅम लागले. त्रैराशिक मांडा : बारा मिनिटं एक दगडी जातं फक्त आमच्यासाठी फिरलं. मांडव, वाफेचं यंत्र, जातं, सगळी विशेष साधनं डबीत दळून बसली आहेत. आम्ही फक्त झाकण उघडलं. त्याची किंमत डबीवर जपानीत छापलेली होती, म्हणूनच बहुधा आम्ही खुशीत होतो.

आणि हा चहा ढवळायलाही त्यांच्याकडे साधन आहे : बांबूची रवी. एकाच पेराला चिरून ऐंशी, शंभर, अशा केसासारख्या काड्या काढतात. नारा प्रांतात ताकायामा गावी पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. आमच्याकडे ती नव्हती. आमची ताक घुसळायची लहान लाकडी रवी वापरली आणि गुठळ्या अगदी उत्तम मोडल्या. या बाबतीत मी समाधानी आहे.

जपानात हा चहा रुजला तोही औषध म्हणून. एइसाई नावाचे बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून परतले ते चहाचं बी आणि पूड घोटून पिण्याची रीत घेऊन. चहाने प्रकृती कशी सुधारते यावर त्यांनी १२११ साली ग्रंथ लिहिला. १२१४ साली तिथल्या शोगुनला, सानेतोमो महाराजांना, रात्रीची जास्त झाली होती. एइसाईंनी त्यांना एक वाडगा चहा पाजला आणि सोबत आपल्या ग्रंथाची प्रत दिली. डोकं दुखत असलेल्या माणसाच्या हातात स्वतःचं पुस्तक देणारा लेखक तेव्हाही होता, हे वाचून मला बरं वाटलं.

पण आपल्या विषयाचे खरे मूळपुरुष सेन नो रिक्यू. 'विशेष साधनांशिवाय' ही कल्पना टोकाला नेली ती त्यांनी. त्यांच्या काळातला सत्ताधीश हिदेयोशी याने चहा पिण्यासाठी सोन्याने मढवलेली खोली करवून घेतली होती, तीही सुटी करून हलवता येणारी. आणि त्याचेच चहागुरू रिक्यू दोन चटयांच्या झोपडीवजा खोलीत चहा करीत, फुलं ठेवायला कापलेला बांबू, प्यायला हाताने घडवलेला साधा काळा वाडगा. हे वाचल्यावर वाटतं, वा, हा आपला माणूस. पण त्या साधेपणामागे आयुष्यभराची मेहनत होती, वाडगा कुठल्या बाजूने धरायचा इथपर्यंत. शिवाय तो 'साधा' वाडगा पुढे असा मोलाचा झाला की आम्ही तो लॉकरमध्येच ठेवू. १५९१ साली हिदेयोशीने रिक्यूंना पोट चिरून मरण्याची आज्ञा दिली. कारणांबद्दल तिकडचे इतिहासकार अजून भांडतात. रिक्यूंचा साधेपणा मला खोटा वाटत नाही, कारण आपण किती कष्ट घेतो हे त्यांनी कधी लपवलं नाही, उलट पाहुण्यांच्या समोर बसून केलं. एकशे बाराव्या पानावरच्या लेखिकेची गोष्ट वेगळी.

पावणेएक. पाचवं ढवळणं. काटा उभा राहिला.

तेवढ्यात कंडेन्स्ड मिल्कचीही बाजू ऐकून घ्यायला हवी, कारण पुस्तकाचा सगळा भर तिच्यावर आहे. डबाभर कंडेन्स्ड मिल्क, फेटलेलं क्रीम, माचा, ढवळून फ्रीजरमध्ये आठ तास, बस. मधे उठायचं नाही. दुसऱ्या रविवारी सौ.ने तेही करून पाहिलं. होतं, नाकारण्यात अर्थ नाही. मऊही होतं. पण का होतं? दुधातलं पाणी कारखान्यात आधीच आटवलेलं आहे, साखर ठासून भरलेली आहे, आणि हवा क्रीम फेटताना कोंडली आहे. गेल बॉर्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने दूध असं आटवण्याचं पेटंट १८५६ साली घेतलं, तेव्हापासून जगाचं ढवळणं तो परस्पर करून देतो. इथेही साधन आहे, फक्त ते गावाबाहेर आहे. आणि चवीचं म्हणाल तर कंडेन्स्ड मिल्क हा मोठ्या आवाजाचा पाहुणा. तो बोलत असताना माचाला तोंड उघडता येत नाही. हिरव्या रंगाचे पेढे खाल्ल्यासारखं वाटलं. मुलीला हेच जास्त आवडलं हे प्रामाणिकपणे नोंदवतो, पण समीक्षकाने वाचकांच्या पसंतीवर जायचं नसतं.

आपल्या कुल्फीचं तत्त्वही हेच, दूध आटवून पाणी आधीच घालवायचं, म्हणजे ढवळायला नको. फरक एवढाच की कुल्फीवाला ते लपवत नाही. कढईपुढे बसलेला असतो, बनियन घामाने भिजलेला असतो, आणि आपण ते बघत बघत रांगेत उभे असतो.

ढवळलेलं आइस्क्रीम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटलं. वरच्या मजल्यावरचे काका योगायोगाने आले. डबा उघडल्यावर योगायोग घडवून आणण्यात त्यांचा हातखंडा आहे. मराठी डोळ्याला हिरवं आइस्क्रीम म्हणजे पिस्ता, याबद्दल मतभेद नाही. काकांनी मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि काही क्षण ते अगदी स्थिर झाले, पासबुकात आकडा चुकीचा दिसल्यावर पेन्शनर होतात तसे.

"पिस्ता... खवट आहे का रे?"

"काका, चहाचं आहे ते."

"चहाचं? मग गरम का नाही दिलंस?"

ही समीक्षा मी अन्यायकारक मानतो. चव खरोखर वेगळी आहे. आधी दूध, गोडी, मग मागून सावकाश एक कडसर हिरवटपणा, पावसाळ्यात गवत कापल्यावर येतो त्या वासाचा सख्खा भाऊ. ती गोडीला अडवून धरते, म्हणून दुसरा चमचा खावासा वाटतो. जपानात आइस्क्रीम प्रथम १८६९ साली योकोहामात माचिदा फुसाझो यांनी विकायला ठेवलं, ते परदेशी खाणं म्हणून. आज भाचेसून सांगते, कोपऱ्यावरच्या दुकानात माचाचा डबा असतोच. हागेन-डाझसारख्या कंपनीला, जिच्या नावाला कुठल्याच भाषेत अर्थ नाही, तिलासुद्धा १९९६ साली तिकडे ग्रीन टीचा स्वाद काढावा लागला. त्यांची जीभ हा कडूपणा लहानपणापासून ओळखते. आपणही पाडव्याला गुळाबरोबर कडुनिंब खातो, फक्त वर्षातून एकदा आणि तोंड वाकडं करून.

आई निम्म्या वाट्याची वाटी घेऊन बाल्कनीत बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कडू आहे, पण वाईट कडू नाही." माझ्या मते एकूण चर्चेतलं एवढं एकच वाक्य छापण्याजोगं होतं.

"बर्फ लागत नाही हो जिभेला," तिने पुढे म्हटलं. "किती वेळा ढवळलंस?"

"पाच."

"हं. आम्ही रात्रभर ठेवून सकाळी एकदाच फेटायचो. पण मग अर्धा तास."

आणि इथे मला तिसऱ्या संहितेकडे यावं लागतं. मे १९७९च्या नोंदीत दूध एक लिटर, साखर आठ मोठे चमचे, कॉर्नफ्लॉवर, जी.एम.एस. पावडर, चिमूटभर सी.एम.सी. पावडर असं सगळं आहे. त्या काळी जिच्या घरी नवा फ्रीज आला ती प्रत्येक बाई या पुड्या आणायला वाण्याकडे जात असे आणि औषधं मागावीत तशा त्या मागत असे. बर्फाच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमधली खणांची जाळी काढून त्यात मिश्रण गोठवायचं. मग बाहेर काढून पातेल्यात फेटायचं, दुप्पट होईपर्यंत. परत गोठवायचं. आणि या फेटण्याच्या पुढे, निळ्या शाईत, आईच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय : 'हाताला रग लागेपर्यंत. नंतर आणखी दहा मिनिटे.'

बस. तीन संहितांमध्ये खर्चाची नोंद खर्च म्हणून केलेली ही एकच. चिठ्ठीत मशीनबिशीन लागत नाही म्हणताना तो दडला, पुस्तकात तर बीटर नि कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात बंद झाला. इथे तो सरळ उजव्या बाजूला टाकलेला आहे, आणि तोही अशा खांद्याने की जो आता वर उचलत नाही. त्या खांद्याच्या आजाराचं आणि फेटण्याचं नातं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी वय, शुगर असं काहीतरी सांगितलं. त्यांच्याकडे १९७९ची नोंद नाही.

माचाची डबी उघडली की लवकर संपवावी लागते, नाहीतर रंग उडतो आणि उरतो तो वाळलेल्या पाल्याचा वास. डबीत अजून पंधराएक ग्रॅम शिल्लक आहे, फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाने. गेल्या रविवारी ही कृती मी आईच्या वहीत मागच्या कोऱ्या पानावर उतरवून काढली, प्रमाणासकट, वेळांसकट. साहित्याच्या यादीत दूध, क्रीम, साखर, कॉर्नफ्लॉवर, माचा लिहून झाल्यावर खाली लिहिलं : 'माणूस, रात्री जागणारा, एक.'

संध्याकाळी वही पाहिली तर 'एक' खोडून आईने डाव्या हाताने 'दोन' केलं होतं. मी कारण विचारलं.

"एक ढवळायला," ती म्हणाली, "आणि एक, ढवळणारा किती खातो ते बघायला."